जोडलं म्हणजे सांगितलं असं नव्हे

काल रात्री साडेअकराच्या सुमारास मी लॅपटॉपचं झाकण मिटलं. कारण एवढंच, की शेजारी लेक झोपली होती आणि स्क्रीनचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता. बाहेरच्या डिस्कवर जुन्या फोटोंची कॉपी चालू होती. म्हटलं चालू दे, सकाळपर्यंत होईल. सकाळी चहा घेऊन बसलो, झाकण उघडलं, तर कॉपी अठरा टक्क्यांवर! मी झाकण मिटल्या क्षणी लॅपटॉपही गुडूप झोपला होता आणि आता आळोखेपिळोखे देत उठत होता.

यात लॅपटॉपचं काय चुकलं? खरं तर काहीच नाही. झाकणाच्या सेन्सरने कळवलं, 'झाकण मिटलं'. लिनक्सवर लॉगिनडी नावाचा एक कारभारी बसलेला असतो, त्याच्या यादीत लिहिलं होतं, 'झाकण मिटलं तर झोपायचं'. त्याने यादीबरहुकूम केलं. मला म्हणायचं होतं 'उजेड बंद कर', त्याला ऐकू आलं 'झोप'.

तर मंडळी, आजचा विषय हाच. काहीतरी जोडलं, काढलं, मिटलं, वीज गेली, की यंत्राने आपणहून काय करावं हे आपण आधीच लिहून ठेवतो. वीसेक वर्षं या धंद्यात आहे आणि असे नियम मी ढिगाने लिहिलेत. त्यातला एक असा महागात पडला की तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय: घटना म्हणजे इच्छा नव्हे. वस्तू जोडली गेली एवढंच यंत्राला कळतं. का जोडली, हे त्याला कळत नाही, आणि ते कळल्याचा आव आणणारा नियम कधी ना कधी घात करतो.

आधी थोडं यंत्राच्या पोटात डोकावू. ज्यांना हे पाठ आहे त्यांनी दोन परिच्छेद उडी मारली तरी चालेल.

तुम्ही पेनड्राइव्ह लावता तेव्हा संगणक त्याला विचारतो, 'कोण तू?' पेनड्राइव्ह उत्तर देतो: माझ्या उत्पादकाचा क्रमांक हा, मालाचा क्रमांक हा, जमल्यास अनुक्रमांक हा, आणि मी साठवणुकीचं यंत्र आहे. लिनक्सचं कर्नल ही बातमी बाहेर सांगतं आणि ती यूडेव्ह नावाच्या प्रोग्रामकडे येते. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ च्या सुमारास याची सुरुवात केली आणि २०१२ मध्ये तो सिस्टिमडी या मोठ्या कुटुंबात दत्तक गेला. यूडेव्हकडे नियमांच्या फायली असतात, नावाच्या क्रमाने लावलेल्या. प्रत्येक ओळीत दोन भाग: अमुक असेल, तर तमुक कर. 'असेल तर'साठी बरोबरची दोन चिन्हं, 'कर'साठी एक. घाईत एक चिन्ह खाल्लंत की प्रश्नाचा हुकूम होतो. हे मी स्वतः केलेलं आहे, त्यामुळे हसू नका. :-)

दुसरी गंमत अशी, की वस्तू एक लावली तरी घटना एक होत नाही. यूएसबी उपकरण आलं ही एक, त्याचा इंटरफेस आला ही दुसरी, मग डिस्क आली, मग डिस्कवरचं पार्टिशन आलं. एकाला जेवायला बोलवावं आणि अख्खी आळी यावी तसं. नियमात नेमकं कोणाला बोलवलंय हे लिहिलं नाही, तर एकच काम तीन-चारदा होतं. 'आल्यावरच कर' असं लिहायला विसरलात, तर वस्तू काढतानाही होतं. आणि यूडेव्हला लांबलेली कामं आवडत नाहीत. नियमातून सुरू केलेला प्रोग्राम रेंगाळला, तर घटनेचं काम संपल्यावर तो सरळ त्याला मारून टाकतो. मोठं काम असेल तर ते सिस्टिमडीच्या सेवेकडे सोपवावं, अशी रीत आहे. रीत चांगली आहे. बातमी देणारा वेगळा, काम करणारा वेगळा.

पण एक गोष्ट यूडेव्हने पहिल्यापासून बरोबर केली, आणि तिचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. नियम यजमानाचे असतात. पाहुणा आपलं नाव-गाव सांगतो, पण 'मी आलो की असं करा' हे पाहुणा सांगत नाही.

याच्या नेमकं उलट काय होतं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि त्यासोबत ऑटोरन आलं. सीडीवर ऑटोरन.आयएनएफ नावाची चिमुकली फाइल ठेवायची, त्यात कुठला प्रोग्राम चालवायचा ते लिहायचं, की सीडी सरकवताच तो आपोआप सुरू. हेतू वाईट नव्हता. नवख्या माणसाला सीडी उघडून सेटअपची फाइल शोधायला लावणं जिवावर यायचं, ते वाचलं. गृहीतक एवढंच होतं, की सीडी घातली म्हणजे त्यातला प्रोग्राम चालवायचाच आहे.

गृहीतक कुठे फाटलं? पहिल्यांदा गाण्यांच्या सीडीवर. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्या की ऑटोरनच्या वाटेने कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर आत शिरायचं आणि विंडोजपासून स्वतःला लपवायचं. मार्क रसिनोविच यांनी त्या वर्षी ऑक्टोबरअखेर ते उघडकीला आणलं आणि कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. लोकांना गाणं ऐकायचं होतं. 'ऐकायचंय' आणि 'बसव' यांतला फरक यंत्राला दिसलाच नाही. गंमत म्हणजे त्याआधी, २००३ मध्येच, प्रिन्स्टनच्या एका संशोधक विद्यार्थ्याने अशाच दुसऱ्या एका सीडी-संरक्षणाबद्दल दाखवून दिलं होतं, की सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून ठेवली तर ऑटोरन चालत नाही आणि सगळं संरक्षण संपतं. म्हणजे 'मला हे नकोय' असं सांगायची एकच सोय होती, आणि ती बहुतेकांना ठाऊक नव्हती.

मग आले पेनड्राइव्ह. कॉलेजच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत, प्रिंटआउटच्या दुकानात पेनड्राइव्ह लावायचा आणि घरी न्यू फोल्डर.इएक्सई घेऊन यायचं, हा आपल्याकडचा सार्वत्रिक अनुभव. २००८ च्या शेवटी कॉन्फिकर नावाचा किडा आला. त्याची एक युक्ती मला आजही दाद द्यावीशी वाटते. पेनड्राइव्ह लावल्यावर विंडोज एक खिडकी दाखवायचं, 'काय करू?' म्हणून. कॉन्फिकरने त्या खिडकीत स्वतःची ओळ घुसवली, तिला फोल्डरचं चित्र लावलं आणि शब्द लिहिले 'फायली पाहण्यासाठी फोल्डर उघडा'. माणूस नेहमीसारखा फोल्डर उघडायला जायचा आणि किड्याला आत घ्यायचा. नीट विचार करा. इथे यंत्राने माणसाला विचारलं होतं! पण प्रश्नाचे शब्द पाहुण्याने लिहिले होते. विंडोज ७ मध्ये, २००९ साली, पेनड्राइव्हसाठी ऑटोरन बंद झालं. एक्सपी आणि व्हिस्टासाठी तो बदल फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेटमधून सगळ्यांकडे गेला. एका गृहीतकाची दुरुस्ती व्हायला पंधरा वर्षं लागली.

हे सगळं वाचून मी बरीच वर्षं विंडोजवाल्यांना हसत असे. आमचं लिनक्स बघा, नियम आमच्या हातात. हसणं थांबलं ते २०१६ च्या लग्नसराईत.

माझ्या दादाचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. सीझनमध्ये एका दिवसात दोन-दोन लग्नं, तीन पोरं हाताखाली, आणि मेमरी कार्डांचा घोळ. कुठलं कार्ड उतरवलंय, कुठलं नाही, याच्यावरून रोज बोलाचाली. दादा म्हणाला, "अरे तू एवढा इंजिनियर, कार्ड लावलं की आपोआप फोटो उतरतील असं काहीतरी कर ना. आणि उतरले की कार्ड रिकामं पण करून टाक. ही पोरं विसरतात आणि मग मांडवात कार्ड फुल होतं."

स्टुडिओत एक जुना संगणक पडून होता. त्यावर लिनक्स टाकलं, एका शनिवारी बसून नियम लिहिला. कार्ड रीडरमध्ये कार्ड आलं की सेवा सुरू होणार, तारखेचं फोल्डर करणार, फोटो बाहेरच्या मोठ्या डिस्कवर उतरवणार, कार्ड रिकामं करणार आणि दोनदा बीप वाजवणार. दोन बीप म्हणजे झालं, घेऊन जा. पहिल्या दिवशी दादा इतका खूष, की वहिनीला बोलावून दाखवलं. दीड महिना ते बीप-बीप सुरळीत वाजत होतं.

मग एका लग्नाच्या दुपारी फोन आला. "अरे, सकाळच्या कार्डातले फोटो डिस्कवर दिसत नाहीत."

झालं होतं असं. कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी मोठ्या डिस्कची पिन काढली होती. डिस्क गेली, पण ती जिथे जोडलेली असते ते रिकामं फोल्डर संगणकावर राहिलंच. माझ्या स्क्रिप्टने डिस्क आहे की नाही हे विचारलंच नाही. तिने त्या फोल्डरमध्ये, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या चिमुकल्या डिस्कवर, फोटो ओतायला सुरुवात केली. चाळीसेक फोटोंनंतर जागा संपली. कॉपी अर्ध्यावर मेली. पुढची आज्ञा होती 'कार्ड रिकामं कर'. दोन आज्ञांच्या मध्ये मी अर्धविराम टाकला होता, म्हणजे 'हे कर, मग ते कर'. टाकायला हवे होते दोन अँपरसँड, म्हणजे 'हे जमलं तरच ते कर'. कार्ड रिकामं झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटी इमानेइतबारे बीप-बीप वाजलं. पोराने कार्ड उचललं आणि कॅमेऱ्यात घालून तो कार्यालयात परत गेला, जेवणाच्या पंगतींचे फोटो काढायला.

मी त्याच संध्याकाळी पुण्याहून निघालो. फोटोरेक नावाचा एक फार चांगला प्रोग्राम आहे. पुसलेल्या कार्डावर फोटोंच्या सुरुवातीच्या खुणा शोधत शोधत तो फायली उकरून काढतो. पहाटे तीनपर्यंत बसलो. बहुतेक फोटो परत मिळाले. पण पंगतींचे नवे फोटो ज्यांच्या जागेवर लिहिले गेले ते कायमचे गेले. शंभराहून थोडे जास्त. त्यात हळदीचे जवळजवळ सगळे.

दादा दुसऱ्या दिवशी त्या घरी गेला, मीही गेलो. मुलीचे वडील शांतपणे ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले, "आमची आई हळदीला खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. चार वर्षांत पहिल्यांदा. तेवढा तरी आहे का बघा." तो नव्हता. नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये शोधाशोध झाली, एकात एक हललेला, अर्धवट फोटो सापडला. दादाने तो मोठा करून, फ्रेम लावून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मला तो एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ही तर साधी स्क्रिप्टची चूक. कॉपी यशस्वी झाली का ते तपासायला हवं होतं, डिस्क जोडलेली आहे का ते पाहायला हवं होतं. मान्य, शंभर टक्के मान्य. ते दोन्ही मी दुसऱ्या दिवशी केलंच. पण मला विचाराल तर खरी चूक त्याच्याही आधीची आहे. कार्ड लावणं ही घटना होती. 'उतरव' हा तिचा अर्थ बऱ्यापैकी सुरक्षित होता, कारण एक प्रत जास्त झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. 'पुसून टाक' हा अर्थ मात्र आम्ही तिच्या गळ्यात बांधला होता. पुसायला माणसाची खूण हवी. आजही दादाकडे तो संगणक चालतो. कार्ड लावलं की फोटो आपोआप उतरतात, प्रत्येक फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिली जाते. पुसणं मात्र पडद्यावर मोजणी बघून, कळ दाबून, माणसाने करायचं. पोरं कधीमधी विसरतात आणि मांडवात कार्ड फुल होतं. होऊ दे.

म्हणजे आपोआप काही करूच नये का? असं मी मुळीच म्हणत नाही. २००५-०६ च्या आसपासचं भारनियमन आठवतंय? तेव्हा लहान गावांतल्या ऑफिसांचे सर्व्हर यूपीएसच्या भरवशावर जगायचे. नेटवर्क यूपीएस टूल्स नावाची फुकट मिळणारी सामग्री आहे, तिचा नियम मला आदर्श वाटतो. वीज गेली आणि यूपीएस बॅटरीवर आला, की ती फक्त नोंद करते आणि लोकांना कळवते. बंद काही करत नाही, कारण वीज दोन मिनिटांत परत येऊ शकते. यूपीएस बॅटरीवर आहे आणि बॅटरीही संपत आलीय, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या झाल्या तरच सर्व्हर नीट बंद करते. पहाटे तीनला तिथे विचारायला कुणी नसतं. न विचारता केलं तर थोडा वेळ काम बंद, न केलं तर डिस्कवरच्या माहितीचं वाटोळं. अशा ठिकाणी यंत्राने निर्णय घ्यावाच.

दुसरं उदाहरण तुमच्या खिशात आहे. हेडफोनची पिन निघाली की फोनवरचं गाणं थांबतं. अँड्रॉइडमध्ये यासाठी खास सूचना आहे. 'आता आवाज सगळ्यांना ऐकू जाईल' अशा अर्थाची ती सूचना प्रणाली ॲपला देते, आणि शहाणं ॲप गप्प होतं. पिन तुम्ही काढली की एसटीत शेजाऱ्याचा हात लागून निघाली, हे फोनला माहीत नाही. पण गप्प बसणं दोन्ही वेळा चालून जातं. चुकलं तर तुम्ही पुन्हा सुरू करता, संपलं.

म्हणून नियम लिहायला बसलो की मी आता स्वतःला तीन गोष्टी विचारतो. माझा अंदाज चुकला तर मागे फिरता येईल का? तिथे विचारायला माणूस आहे का? आणि ही बातमी मला कोण देतंय?

तिसरा प्रश्न मी २०१४ नंतर घातला. त्या वर्षी ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवलं, की साध्या पेनड्राइव्हच्या आतला प्रोग्राम बदलून त्याला 'मी कीबोर्ड आहे' असं सांगायला लावता येतं. संगणक विश्वास ठेवतो, आणि 'कीबोर्ड' धडाधड आज्ञा टाइप करू लागतो. यूएसबीमध्ये पाहुण्याचं ओळखपत्र पाहुणाच लिहितो. त्यामुळे 'अमुक अनुक्रमांकाची डिस्क आली तर' हा नियम सोयीसाठी ठीक, कुलूप म्हणून नाही. आयफोनने २०१८ मध्ये यावर एक बरा तोडगा आणला: फोन तासाभरापेक्षा जास्त वेळ कुलूपबंद राहिला असेल, तर तारेने जोडलेल्या नव्या वस्तूशी तो माहितीची देवाणघेवाण करत नाही. मालकाने फोन उघडला, म्हणजे माणूस हजर आहे, मगच बोलणं. घटनेसोबत इच्छेचा थोडा तरी पुरावा मागितला.

प्रत्येक गोष्टीला 'हो की नाही' विचारत सुटणं हाही उपाय नाही बरं का. दिवसातून पन्नास वेळा विचारलंत की माणूस न वाचता 'हो' दाबतो, आणि मग त्या 'हो'ला इच्छा म्हणणं म्हणजे झोपेत घेतलेला अंगठा. विचारायचं ते मोजक्या ठिकाणी, जिथे परतीची वाट नाही तिथे, आणि प्रश्नाचे शब्द यजमानाचे हवेत.

असो. चहा संपला, आणि लॅपटॉपच्या झाकणाचा प्रश्न तसाच राहिला. सकाळी चिडून मी सेटिंगची फाइल उघडली होती. झाकण मिटलं तर 'दुर्लक्ष कर' असं लिहायला एक ओळ पुरते. मग आठवलं, काही वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. पुणे-मुंबई प्रवासात लॅपटॉप सॅकमध्ये अडीच तास जागा राहिला आणि दादरला उतरलो तेव्हा पाठ भाजत होती. झोपलेला लॅपटॉप उठवता येतो, शिजलेला नाही.

फाइल न बदलता बंद केली. कॉपी पुन्हा सुरू केलीय, या वेळी झाकण उघडं ठेवून, उजेड कमी करून. छप्पन्न टक्के झालेत.